सावकाश होऊ द्या

हरिताला रक्ताचा कंटाळा आला होता. भीती नव्हे, किळस नव्हे. ते चोचले नोकरीच्या पहिल्या महिन्यातच संपले. हा साधा, हाडात मुरलेला कंटाळा होता. तंजावूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हृदयविभागाच्या मागच्या अंगाला, एका बिनखिडकीच्या खोलीत तिची प्रयोगशाळा होती. हार्ट अटॅक आलेला माणूस दारात आला की तिचा फोन वाजायचा. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची सुई देण्याआधी तिनं धावत जाऊन जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, कारण ते औषध एकदा रक्तात मिसळलं की तिची पुढची तपासणी फसते. मग नळी यंत्रात फिरवायची, वर आलेलं पिवळसर पाणी अलगद उचलायचं, पुन्हा फिरवायचं आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरात ठेवून द्यायचं. पाणी गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या, नमुना वाया. तोवर पुन्हा फोन.

शोधायचं काय, तर मायक्रोआरएनए. नाव मोठं, वस्तू इवलीशी. पेशीच्या पोटात वावरणारे हे बारके तुकडे. त्यातले काही असे, की जे हृदयाच्या स्नायूतच सापडतात. स्नायू मेला की ते रक्तात सांडतात. भांडं फुटलं की आत काय होतं ते जमिनीवर दिसतं, तसंच हे. किती सांडलं यावरून किती फुटलं ते सांगता यावं, असा डॉक्टर मुरलीकृष्णांचा प्रकल्प होता. रुग्णाच्या उपचारात त्याचा अजून काडीचा उपयोग नव्हता. नमुने साठले की एकदम तपासायचे, आकडे मांडायचे आणि एक दिवस जगाला सांगायचं, एवढाच बेत.

पण आकड्याला अर्थ यायचा तर एक गोष्ट ठाऊक हवी. दुखणं कधी सुरू झालं? कारण सांडलेलं तासागणिक वाढत जातं. म्हणून रक्त घेताना हरिता प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारायची, आणि त्या प्रश्नाचाच तिला सगळ्यात जास्त शीण होता. तंजावुरात छातीत कुणाच्या दुखतच नाही. इथे होतो तो गॅस. कालचा होतो, परवाचा होतो, लग्नात खाल्लेल्या फणसाचा होतो. घामानं थबथबलेला माणूस स्ट्रेचरवर आडवा पडून सांगतो, "आत्ताच हो, अर्ध्या तासापूर्वी." हरिता ते लिहून घ्यायची. पुढे तपासणीत एखाद्याचा आकडा त्यानं सांगितलेल्या वेळेला अजिबात जुळला नाही, तर डॉक्टर मुरलीकृष्ण म्हणायचे, "नमुना खराब आहे, काढून टाक." मग ती काढून टाकायची. हाताखालची माणसं काय करणार?

आषाढातल्या एका दिवशी तिच्या आजोबांची तिथी होती. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या या मराठी घरांत दिवाळी एक वेळ फिकी गेली तरी चालते, तिथी चुकत नाही. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, भाकरीची जागा इडलीनं घेतली, पोरांना देवनागरी वाचता येईना, पण पितरांचं सोवळं जसंच्या तसं. श्राद्धाचा कर्ता म्हणजे हरिताचे वडील, तिचे अप्पा, कृष्णमूर्तिराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा, स्वतःचा कप स्वतः विसळणारा माणूस. त्यांना मुलगा नाही, हरिता ही एकच. त्यामुळे आपल्यामागे हे कोण करणार हा घोर त्यांना कायमचा, आणि म्हणून आपण आहोत तोवर यात तीळभर कमी पडू द्यायचं नाही हा हट्टही कायमचा.

त्या दिवशी कर्त्यानं उपाशीपोटी आंघोळ करून, ओलं धोतर नेसून अग्नीपुढे बसायचं. आधी होम, मग ब्राह्मणांचं जेवण, मग पिंड, मग कावळा, आणि सगळ्यात शेवटी कर्त्याच्या तोंडात घास. मधे त्याला कुणी शिवायचं नाही. त्यानं मधे उठायचं नाही. तोंडातून वेडंवाकडं काढायचं नाही, कारण त्या दिवशी पितर दारात येऊन बसलेले असतात आणि कण्हणं कानावर पडलं तर उपाशी निघून जातात, असं या गल्लीतल्या बायका मुलांना सांगत आल्यात.

हरिताची नेमकी पाळी आली होती. श्राद्धाच्या घरी अशा बाईला जागा नसते. अम्मानं, म्हणजे तिच्या आईनं, आदल्या संध्याकाळीच सांगितलं, "तू पहाटे डूटीला निघून जा गं. कोपऱ्यांत बसून काय करणार?" हरिताला खरं तर बरंच वाटलं. धूर नाही, वाढप नाही, पळी-पंचपात्र घासणं नाही. घरात हृदयातलं कळणारं एकच माणूस होतं, आणि ते असं दाराबाहेर गेलं.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. ती नळ्यांचा ट्रे घेऊन धावली, तर पडद्यामागे अप्पा.

ते ऑटोतून उतरून चालत आले होते म्हणे. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कपाळावर सकाळचं गोपीचंदन. बाजूला अम्मा, हातात स्टीलचा फिरकीचा तांब्या घट्ट धरून. ईसीजीच्या कागदावरच्या रेषा हरितानं पाहिल्या. हार्ट अटॅकच होता. पण फोन तिचाच होता, ट्रे तिच्याच हातात होता, आणि प्रयोगशाळेतली जोडीदारीण शांभवी रजेवर. तिनं बापाच्या दंडाला पट्टा बांधला. शीर लगेच सापडली. शेकडो दंडांची सवय असलेले हात आपलं आपण काम करत होते. तोंडही तसंच सवयीनं चाललं. तिनं तमिळमध्येच विचारलं, दुखणं कधी सुरू झालं?

अप्पांनी मराठीत उत्तर दिलं. "चार वाजतां. जेवलों, मग. वडे जास्त झाले, दुसरं काय? तुझी अम्मा उगाच भितें."

अम्मा भिंतीकडे पाहत होती. हरितानं वेळ लिहून घेतली.

पुढचं सगळं भराभर झालं. तार आत गेली, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दोन तासांच्या आत आलात, नशीबवान आहात." अम्मानं तिथल्या तिथे हात जोडले. हरिता प्रयोगशाळेत गेली, बापाचं रक्त यंत्रात फिरवलं, पिवळंधमक, स्वच्छ पाणी उचललं, नळीवर क्रमांक चिकटवला आणि फ्रीजरात ठेवलं. मग खुर्चीत बसून पोटभर रडली. फ्रीजर तेवढं घूं करत होतं.

अप्पा घरी आले ते अर्धेच आले. नळावरून बादली आणणारा माणूस आता अंघोळीच्या खोलीपर्यंत जाऊन मधेच दाराला टेकायचा. तपासणीत हृदय फार कमजोर दिसत होतं. हृदयाच्या डॉक्टरांनाही नवल वाटलं. इतक्या लवकर आलेल्या माणसाचा एवढा स्नायू गेला कसा? "असतं एखाद्याचं," म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या. कुणालाच उत्तर नसलं की वैद्यकात हेच वाक्य असतं.

आणि आता भाद्रपदात आजीची तिथी येत होती.

"या खेपेला नको अप्पा," हरिता म्हणाली. एकदा म्हणाली, दहादा म्हणाली. कामावरून येऊन, चप्पल काढता काढता म्हणायची.

"कां नको?" अप्पा म्हणायचे. "त्या दिवशीं श्राद्ध बेस झालं. पिंड झाले, कावळा शिवला. दुखलं तें मागाहून, वडे खाऊन. या खेपेला वडे खात नाहीं, शरी, ठीक?"

"उपास, धूर, ओलं धोतर. तुम्हाला बाथरूमपर्यंत चालवत नाही."

"बसायचंच आहे की. चालायला कोण सांगतो?"

वाद तिथेच अडायचा. अम्मा मधे पडायची नाही. ती आमटीला फोडणी देत राहायची, आणि शेवटी म्हणायची, "त्यांची आई आहे. नको म्हणायला आपण कोण?" हरिताचा संताप व्हायचा, पण थकलेल्या माणसाचा संताप तो, ताट समोर येईपर्यंत विरून जायचा. तिला एवढं स्पष्ट दिसत होतं की हा माणूस त्या दिवशी अग्नीपुढे पाच-सहा तास बसला तर उठेलच असं नाही. आणि श्राद्धानं काही झालं नव्हतं, वड्यांनी झालं, हे अप्पांचं वाक्य खोडायला तिच्याजवळ काही नव्हतं.

श्रावणाच्या शेवटाला नमुने तपासायला निघाले. शांभवीनं आणि तिनं दोन दिवस मान मोडून काम केलं. आकडे पडद्यावर आले. रक्त कुणाचं हे कुणाला कळू नये म्हणून नळ्यांवर नुसते क्रमांक असतात. पण स्वतःच्या हातानं चिकटवलेला बापाचा क्रमांक कोण विसरतं? हरितानं तो आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

डॉक्टर मुरलीकृष्ण चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकले. माणूस वाईट नव्हता. फक्त निधी संपत आल्यामुळे सदा घाईत असायचा. "हा बघ," ते म्हणाले. "दुखणं सुरू होऊन दोन तास, आणि आकडा एवढा? शक्यच नाही. इतकं सांडायला सकाळपासून दुखत असायला हवं. नमुना खराब. काढून टाक."

"नमुना चांगला आहे सर."

"कशावरून?"

"मी घेतलाय. पाणी स्वच्छ होतं. औषधाच्या आधीचं आहे."

"मग आकडा असा का?"

हरिताच्या मनात दोनच शक्यता उभ्या होत्या. एक तर तिचा हात खोटा, नाहीतर तिच्या बापाची जीभ. आणि आपल्या हाताबद्दल तिला खात्री होती. या कंटाळ्याच्या नोकरीत तेवढी एकच गोष्ट तिनं कमावली होती.

"उद्या सांगते सर," ती म्हणाली. "तोवर काढू नका."

बसस्टँडपर्यंत चालताना तिला एकेक आठवायला लागलं. त्या दिवशी भिंतीकडे पाहणारी अम्मा. जेवण झाल्यावर दुखलं म्हणणाऱ्या माणसाचं ते पांढरंफटक तोंड. टाउन बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण तिला उतरायचं भान राहिलं नाही. एक स्टॉप पुढे जाऊन ती चालत मागे आली.

अप्पा पुढल्या ओट्यावर बसले होते. दिवेलागण होत होती. समोरच्या घरातली हार्मोनियमची शिकवणी नुकती संपली होती आणि मुलं चपला शोधत होती. हरिता त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली.

"अप्पा, त्या दिवशी किती वाजता सुरू झालं?"

"चार वाजतां. किती वेळां सांगूं?"

"तुमचं रक्त मी घेतलंय. रक्त म्हणतंय सकाळी."

अप्पा हसले. "रक्त बोलतें काय आतां?"

"बोलतं. हृदय मेलं की त्यातलं रक्तात येतं. दोन तासांत येतं त्याहून कितीतरी जास्त आलं होतं. सर म्हणाले नमुना खोटा आहे, फेकून दे. मी म्हटलं, माझा हात खोटा नाही. आता तुम्ही सांगा, कोण खोटं?"

मुलं गेली. मग अप्पांनी पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं, आणि हरिताला जाणवलं की हा माणूस खोटं बोलूनही थकलाय.

"होमाच्या वेळेला," ते म्हणाले. "तूप सोडत होतों. इथं," त्यांनी छातीच्या मधोमध मूठ ठेवली, "कोणी तरी पाय ठेवून उभा राहिल्यासारखं. मला वाटलं धूर. मग वाटलं उपास. घाम आला, तर अंग ओलंच, धोतर ओलंच. घाम कुठला आणि पाणी कुठलं? माझं मलाच कळलं नाहीं, तर दुसऱ्याला काय कळणार?"

"कुणाला शिवला असतात तर कळलं असतं. हात गार पडले असतील."

"शिवणार कोण? मी मडींत, सोवळ्यांत."

हरितानं डोळे मिटले. अटॅकची खूण म्हणून जे जे तिनं आजवर पाठ केलं होतं, त्यातली एकेक त्या दिवसानं गिळून टाकली होती. घाम पाण्यात, धाप धुरात, अशक्तपणा उपासात. आणि उरलेलं दुखणं अप्पांनी स्वतः गिळलं.

"पण मग बोलला का नाहीत? श्राद्ध सांगणारे मणी वाध्यार समोर होते. अम्मा होती."

"कसा बोलूं? ब्राह्मण पानावर बसले होते. माझा बाप पानावर बसला होता गं. त्याला अर्धपोटीं उठवूं? तिथून पिंड हातांत आले. पिंड हातांत घेऊन मला दुखतंय म्हणूं?" त्यांनी रिकामी ओंजळ पुढे धरली. "वाध्यार म्हणाले, पंगतीला सांगा. मी सांगितलों, सावकाश होऊं द्या. मनांत म्हणत होतों, लवकर जेवा रे बाबांनो, लवकर. आणि तोंडानं, सावकाश होऊं द्या, सावकाश होऊं द्या."

हरिताला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींसाठी लागणारी ताकद नव्हती. तिनं नुसता त्यांचा हात धरला. हात आता कोमट होता.

"अम्माला सांगूं नको," अप्पा म्हणाले. "तिला कळलं तर आईच्या तिथीला बसूं देणार नाहीं. आई काय पाप केली? बापाला एक, आईला एक, हें बरं दिसतें?"

म्हणजे हे होतं तर. दोन महिने वड्यांची गोष्ट लावून धरली ती एवढ्यासाठी, की पुन्हा तिथे बसता यावं. हरिता काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"मला ठाऊक आहे."

अम्मा दारात उभी होती. हाताला पीठ.

"तुम्ही डावा हात धोतराखालीं मूठ करून ठेवला होता," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "मी पाहिलें. अस्की, सगळे लोक जेवत होते, मी वाढत होतें. पायसम वाढतांना पाहिलें. मूठ सोडेनांत. मला कळलं कांहीं तरी आहे. मी काय केलें ठाऊक? भराभर वाढलें. रसम संपलं नाहीं तोंच ताक वाढलें. मणी वाध्यार वर बघून हसले, म्हणाले, बाईंना आज घाई. मी तेवढंच केलें. घाई. हात लावला नाहीं तुम्हांला. एक पाऊल पुढें येऊन हात लावायला पाहिजे होता, तो लावला नाहीं."

"तुझी चूक काय त्यांत?" अप्पा पुटपुटले.

"मग कुणाची?" ती एकदम भडकली. "तुमच्या बापाची? तो तर मरून पंचवीस वर्षं झालीं, त्याला एक दिवस उपास घडला असता तर काय पुन्हा मेला असता?"

हे बोलून ती स्वतःच दचकली आणि तोंडावर पिठाचा हात ठेवून आत गेली. लग्न झाल्यापासून सासऱ्याबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द गेला नव्हता. थोड्या वेळानं आतून पोळी लाटल्याचा आवाज यायला लागला.

दुसऱ्या दिवशी हरितानं डॉक्टर मुरलीकृष्णांना सांगितलं की वेळ चुकीची होती, दुखणं सकाळचं होतं. तिनं कारणही सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. त्यांच्या घरीही तिथी होत असणारच.

"म्हणजे आधी काढून टाकलेले..." ते म्हणाले आणि थांबले.

"हो सर."

काढून टाकलेले. हरिता रात्रभर त्यांचाच विचार करत होती. पिवळंधमक, स्वच्छ पाणी, आणि तरी खराब म्हणून वगळलेलं. त्यांत ती तिरुवैयारूची बाई होती, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी आलेली. देवळातला स्वयंपाकी होता, नैवेद्य झाल्यावर आलेला. नमुने सगळे खरे होते. माणसं सकाळपासून दुखणं पोटाशी धरून कसलं तरी काम उरकत बसली होती, आणि उरकल्यावर येऊन म्हणाली, आत्ताच सुरू झालं. रक्तानं खरं सांगितलं तेव्हा तिनं ते फेकून दिलं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थकवा जास्त वाटला, कारण आता ते सगळं पुन्हा उकरायचं होतं.

त्या दिवसापासून तिनं प्रश्न बदलला. दुखणं कधी सुरू झालं हे ती आता शेवटी विचारते. आधी विचारते, "आज घरी काय होतं?" माणूस चमकून बघतो. मग सांगायला लागतो. पाहुणे होते, पूजा होती, पेरणी होती, नातवाची परीक्षा होती. बोलता बोलता खरी वेळ आपोआप बाहेर येते. कधी बायको डोळ्याला पदर लावते. कंटाळा काही गेला नाही. पण निदान तो प्रश्न आता तिला पोकळ वाटत नाही.

आजीच्या तिथीचं काय, हे मात्र घरात कुणी बोलेना. शेवटी अम्मानंच मणी वाध्यारांना बोलावलं. मणी वाध्यार म्हणजे तमिळ-मराठी-संस्कृतची मिसळ बोलणारे, स्कूटरवरून एका दिवसात चार घरची श्राद्धं उरकणारे जाडजूड गृहस्थ. अम्मानं सगळं सांगितलं, मूठसुद्धा. ते ऐकताना त्यांचं नेहमीचं हसू उतरलं.

"आमश्राद्ध करूं या," ते म्हणाले. "कच्चे तांदूळ, भाजी, डाळ द्यायची. अग्नी नाहीं, स्वयंपाक नाहीं. सकाळीं गोळी घ्या, दूध घ्या, कोरडं धोतर नेसा, खुर्चीवर बसा. अर्ध्या तासांत संपतें."

"आईला चालतें?" अप्पांनी विचारलं.

"आजारी लेकाला शास्त्रांत वेगळं दार आहे. तुम्ही ठोठावत नाहीं, त्याला शास्त्र काय करणार?"

तिथीच्या दिवशी अप्पा लाकडी खुर्चीवर बसले. पुढे पाटावर केळीच्या पानात तांदूळ, कच्ची केळी, मूग, तूप. धूर नसल्यामुळे घर ओळखीचं वाटत नव्हतं. हरिता या वेळी घरीच होती. आंघोळ करून, भिंतीला टेकून, बापाच्या चेहऱ्याकडे बघत. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. वाध्यार मंत्र म्हणत होते, अप्पा मागून म्हणत होते. तीन पिढ्यांची नावं आली. तीळ-पाणी सोडायला त्यांनी हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला.

हरितानं पाहिलं, अप्पांचे ओठ हलतायत पण मंत्र नाही. तोंडातून निघत नसलेलं काहीतरी ते ढकलत होते. आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य म्हाताऱ्या माणसाला एवढं जड जातं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मला दम लागला."

वाध्यारांनी मंत्र तोडला. मग मांडीवरचे हात सैल सोडून वाध्यारच मागे टेकले आणि म्हणाले, "सावकाश होऊं द्या."

अम्मा उंबरा ओलांडून आली. सोवळ्याचा विचार न करता तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. हरितानं मनगट धरलं. नाडी चालू होती, भरभर पण नेमानं. पाणी दिलं. हळूहळू श्वास खाली बसला. बाहेर परसात कावळा आधीच येऊन ओरडत होता.

"वाध्यार," अप्पा म्हणाले, "त्या दिवशीं मी असाच थांबा म्हणालों असतों तर? होमाच्या वेळेला?"

मणी वाध्यार पाटावरचं पान सरळ करू लागले. हरिताला वाटलं, खोटं बोलावं यांनी, थांबता आलंच नसतं म्हणावं. निदान आज तरी.

"तर तुमच्या बोटांतलं दर्भाचं पवित्र मी माझ्या बोटांत घातलों असतों," ते म्हणाले, "आणि उरलेलं तुमच्या वतीनं मी केलों असतों. तुम्हांला ऑटोंत घालून पाठवलं असतं. पुष्कळ घरीं होतें तसं."

"पितर?"

"पितर जेवून गेले असते."

अप्पांनी मान हलवली. आत जे मेलं होतं ते आता कशानंही परत येणार नव्हतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अम्माचा हात पाठीवर तसाच होता. मग त्यांनी ओंजळीत पुन्हा तीळ घेतले आणि म्हणाले, "हं, सांगा पुढचं."